पायरी आणि पडदा

देवाचे रूप घरबसल्या दिसू लागले, तर देवळापर्यंत जाण्याचे प्रयोजन उरते काय? हा प्रश्न आता केवळ तार्किकांचा राहिलेला नाही. दिंडीत चालणारी पोरे तो विचारतात, फडावरचे टाळकरी विचारतात, आणि ज्यांचे गुडघे गेले आहेत अशी माझ्यासारखी म्हातारी माणसे तो मनातल्या मनात विचारतात. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र चढवले की गाभारा समोर उभा राहतो, मान वळवावी तिकडचे दिसते. वस्तुसंग्रहालयांत भिंतींवर लढाया चालतात, गडाचे पडलेले दरवाजे पुन्हा उभे राहतात, तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याशी बोलतो. ज्याला वारसा म्हणतात त्या सगळ्याचे असे होऊ लागले आहे. आपला विठोबा, आपल्या पोथ्या आणि आपली वारीही त्या वारशातच येते. तेव्हा हा विषय संग्रहालयवाल्यांवर सोडून आपण नामस्मरणाला बसलो, असे करून चालणार नाही. कीर्तनाच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो लंगडा मांडणार नाही.

पूर्वपक्ष असा. आपला संप्रदाय खुणेवर उभा आहे. आळंदीहून माउलींची पालखी निघते, तिच्यात पादुका असतात. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याची प्रथा घातली. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. पादुका म्हणजे चरणांची खूण. चरण समोर नसले तरी आपण डोके टेकवतोच ना? गर्दीमुळे ज्याला आत जाता आले नाही तो कळसाला हात जोडून माघारी फिरतो आणि त्याची वारी पोहोचली असे आपण मानतो. मानसपूजेत तर फूलही मनाचे आणि गंधही मनाचे. खूण चालते, कळस चालतो, मनातले फूल चालते. मग काचेवरचे रूपच तेवढे का चालू नये? उलट काचेवर देव अधिक निवांत दिसतो. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहून पायांवर डोके ठेवायला मिळते ते क्षणभर. मागचा रेटतो, पुढचा खांद्याला धरून सरकवतो. त्या घाईत देवाचे मुख डोळे भरून पाहिले असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील?

हा पूर्वपक्ष बलवान आहे. जे कीर्तनकार मोबाईलची दोन वाक्यांत टिंगल करून हशा मिळवतात त्यांनी २०२० साल आठवावे. मार्चमध्ये देऊळ बंद झाले. १ जुलैची आषाढी आली ती रिकाम्या वाळवंटात. पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एसटीच्या बसने पंढरीला गेल्या. ज्या वाटेने लाखो पाय चालतात ती वाट त्या वर्षी सुनी पडली होती. त्या दिवशी गावोगावच्या घरांत माणसांनी हातातल्या काचेवर पूजा पाहिली आणि डोळे पुसले. ते पाणी काचेवर पडले म्हणून खोटे ठरत नाही.

आता उत्तरपक्ष. त्यासाठी थोडे दक्षिणेला जावे लागेल, तुंगभद्रेच्या काठी, हंपीला. विजयनगरच्या त्या राजधानीत विठ्ठलाचे अतिशय देखणे देऊळ आहे. हंपीची ही सगळी वास्तुसंपदा १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. देवळाच्या अंगणात दगडी रथ आहे, मंडपात नाद देणारे खांब आहेत, आणि गाभारा रिकामा आहे. आपली परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा तिकडे नेला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास तिथवर जाऊन देवाला परत घेऊन आले. इतिहासकार यावर वाद घालतात. तो त्यांनी सुखाने घालावा. आपल्याला विचारायचे ते वेगळेच आहे. भानुदासांच्या चित्तात विठ्ठल नव्हता काय? डोळे मिटले की त्यांना रूप दिसत नव्हते काय? मनातल्या रूपावर भागत असते, तर त्या काळी, त्या वाटांनी, परक्या राजाच्या दारी जायचे कारण काय होते? कारण होते ते पंढरीला येणाऱ्या माणसांचे. ती रिकाम्या गाभाऱ्यापर्यंत येऊन परत फिरत होती. भानुदासांचे स्वतःचे कदाचित भागले असते. शेजाऱ्याचे भागत नव्हते. मनातला देव ज्याचा त्याचा असतो, पण गाभाऱ्यातल्या देवापुढे मला शेजाऱ्याबरोबर उभे राहावे लागते, त्याच्या घामाच्या वासासकट.

जाता जाता एक गंमत. हंपीच्या त्या दगडी रथाचे चित्र आपल्या ५० रुपयांच्या नोटेवर आहे. रोज ती नोट खिशात घेऊन हिंडतो, पण मी हंपी पाहिली असे त्या जोरावर आजवर कोणी म्हटल्याचे ऐकले नाही.

त्या खांबांची गोष्ट मात्र नुसत्या गमतीवर सोडता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने नाद ऐकण्यासाठी टिचक्या मारल्या, ठोकून पाहिले, आणि खांबांना इजा होऊ लागली. म्हणून आता ते वाजवायला बंदी आहे. खरी अडचण इथे सुरू होते आणि ती यंत्राने आणलेली नाही, आपल्याच हाताने आणलेली आहे. पंढरीचा मोठेपणा कशात? थोरामोठ्यांच्या देवळांत भक्ताला उंबऱ्याबाहेर थांबवतात, पण विठोबाच्या पायांवर कोणीही डोके टेकवावे. आणि नेमका त्याच मोठेपणाने दगड झिजतो. लाखो कपाळे, लाखो हात, वर्षानुवर्षांचे पंचामृत. एकेक स्पर्श किती मऊ! पण मऊ स्पर्शांची बेरीज छिन्नीसारखी होते. झीज थांबवण्यासाठी मूर्तीवर पुन्हा पुन्हा वज्रलेप करावा लागला. २०२० मध्ये देऊळ बंद असतानाही तो झाला. माझी भक्ती खरी आहे, माझा हात प्रेमाचा आहे, आणि तरीही माझ्या हाताने देवाचे पाय थोडे कमी होतात, हे सत्य गिळायला कठीण आहे. पण सत्यच आहे.

परदेशात हाच पेच दुसऱ्या रूपाने पडला. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने तिच्या भिंतींवर बैल, घोडे, हरणे रंगवलेली. १९४० मध्ये ती सापडली, माणसांची रीघ लागली, आणि पाहणाऱ्यांच्या श्वासानेच भिंतींवर शेवाळ धरू लागले. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. मग जवळच हुबेहूब दुसरी गुहा उभारली, ती १९८३ मध्ये लोकांना खुली झाली. २०१६ मध्ये तिच्याहून मोठी, नव्या यंत्रांनी मापे घेऊन केलेली प्रतिकृती आणि भोवती पडद्यांचे दालन झाले. लोक तिथे जातात, मूळ गुहा अंधारात शांत पडून असते. आपल्या अजिंठ्यातही श्वासाची आणि उजेडाची हीच काळजी आहे. पण नकलेवर फार विसंबू नये हेही अजिंठाच शिकवतो. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या, त्या विलायतेला गेल्या, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. अंधारातली, ओलीतली, वटवाघळांच्या सोबतीतली मूळ चित्रे मात्र राहिली.

तेव्हा माझा पहिला सिद्धांत असा की, ज्या वस्तूला आपल्या स्पर्शाने इजा होते तिच्यासमोर हात आवरणे हेही पूजनच आहे, आणि हात आवरायला प्रतिमा मदत करत असेल तर ती प्रतिमा आपली वैरीण नाही. १५ मार्च २०२४ पासून जूनच्या आरंभापर्यंत पंढरीच्या देवळाचे जीर्णोद्धाराचे काम चालले होते. तेव्हा पदस्पर्श बंद होता, दुरून मुखदर्शन तेवढे मिळे. मागाहून चढवलेली फरशी आणि रंग निघाले, जुना काळा दगड उघडा झाला. मेअखेरीस कान्होपात्रेच्या देवळाजवळ फरशीखाली तळघर लागले आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. त्या सगळ्यांनी आधी मोबाईलवरच पाहिल्या. अडीच महिने वारकऱ्याने पायांपासून हात दूर ठेवला, यात त्याची भक्ती उणी झाली असे मला वाटत नाही.

मात्र या सिद्धांताला लगेच एक उपप्रश्न चिकटतो, आणि त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. हात सगळ्यांनी आवरायचा, की काहींनीच?

महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पलीकडे चोखोबांची समाधी आहे. तिथे डोके टेकवून आपण आत जातो. जरा थांबून तिची जागा पाहावी. ती बाहेर आहे. ज्याच्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आले असे आपण सांगतो, त्याला हयातभर गाभारा बंद होता. देव भेटायला बाहेर आला, चोखोबांच्या घरी जेवला, त्यांची गुरे राखली, हे सगळे मी पन्नास वर्षे कीर्तनात सांगितले आहे आणि सांगताना श्रोत्यांबरोबर रडलोही आहे. पण त्या कथा सांगून दाराचा प्रश्न सुटला नाही. तो सुटण्यासाठी चोखोबांनंतर सहाशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस अन्नावाचून राहिले, तेव्हा अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांसाठी दार उघडले.

आता कल्पना करा. त्या वेळी आजची यंत्रे असती आणि कोणी समंजस गृहस्थ गुरुजींना म्हणाला असता, ‘गुरुजी, उपास कशाला? महाद्वाराबाहेर मोठा पडदा लावू. आतला देव या लोकांना आतल्यांपेक्षाही मोठा आणि स्वच्छ दिसेल.’ गुरुजींनी काय केले असते हे सांगायला नको. त्या गृहस्थाच्या बोलण्यात खोटे काहीच नाही. रूप खरोखर मोठे आणि स्वच्छ दिसले असते. तरीही तो अपमानच झाला असता. कारण मागणी रूप पाहण्यापुरती नव्हती. तुझ्या शेजारी, तुझ्याच रांगेत, तुझ्याच दगडावर डोके टेकवण्याची होती.

म्हणून पडदा बाहेर लागतो तेव्हा मी आधी हे पाहतो की, दार कोणासाठी उघडे राहिले आहे. मूळ वस्तू ओळखीवाल्यांना आणि पैसेवाल्यांना, आणि प्रतिमा बाकीच्यांना, अशी वाटणी होऊ लागली की समजावे, जुनाच उंबरा नव्या काचेचा झाला. ही भीती देवळापुरती नाही. संग्रहालये, राजवाडे, लेणी, सगळीकडची आहे. दर्शनाची किंवा प्रवेशाची वेळ मोबाईलवरच नोंदवावी लागते अशी जिथे सोय असते, तिथे ज्या म्हातारीकडे मोबाईल नाही तिच्यासाठी एक खिडकी आणि खिडकीमागे एक माणूस ठेवला पाहिजे. एवढेही जमत नसेल तर ती सोय कोणाची, हे विचारायला लाजू नये.

याच्या उलट दिशेचेही काम होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची एक बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांपर्यंत जाते. आत प्रतिकृती असतात, पडदे असतात, समजावून सांगणारी माणसेही असतात. मुंबईला ज्यांचे येणे होणार नाही अशा पोरांच्या दारी संग्रहालयच गेले. मला ती बस पालखीच्या नात्यातली वाटते.

नातीच्या आग्रहाने मीही एकदा एका प्रदर्शनात ते यंत्र डोळ्यांवर चढवून वारी पाहिली. दिवे घाट दिसला. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण दिसले, आणि अश्व असा अंगावरून गेला की मी दचकून मागे सरलो. करणाऱ्यांनी जीव ओतून केले होते, नावे ठेवायला जागा नाही. पण समोरचा पाऊस पडत होता आणि मी कोरडा होतो. कोणी ‘माउली, जरा सरका’ म्हणाले नाही. कोणाचा पाय माझ्या पायावर पडला नाही, कोणाची भाकरी माझ्या हाती आली नाही. एक वारकरी अगदी जवळ आला तसा मी रिवाजाप्रमाणे त्याच्या पाया पडायला वाकलो, तर नात ओरडली, ‘आबा, समोर टेबल आहे!’

हसायला झाले खरे. पण रात्री विचार करता एक गोष्ट लक्षात आली. त्या सगळ्या देखाव्यात मी पाहत होतो, मला कोणीच पाहत नव्हते. वारीत मी कोणाला तरी दिसतो. थकलो तर कोणी पडशी घेते, चुकलो तर चोपदार रागावतो, आणि ज्याच्या पाया पडतो तोही माझ्या पाया पडतो. त्यात मी कोणाच्या तरी उपयोगी पडतो, कोणाला तरी अडचणही होतो. यंत्राने मला सगळे दिले आणि माझ्याकडून काही मागितले नाही. वारी पहिल्या पावलापासून मागतच असते.

मग पडदा कोणाचा? शास्त्रात अधिकारभेद सांगितला आहे. एकच साधन सगळ्यांना सारखे नसते. पंढरीचा आद्य भक्त पुंडलिक. तो देवाकडे गेला नाही, देव त्याच्या दारी आला. आईबापांचे पाय चेपणे चालू होते म्हणून त्याने देवालाही विटेवर थांबवले, आणि देव थांबला. आज अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी बसून, एका हाताने तिचे पाय चेपत दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर काकडा पाहणारी लेक, सून किंवा मुलगा यांचा अधिकार दर्शनबारीत उभ्या असलेल्या कोणाहूनही उणा नाही. त्या आईचाही नाही. परदेशात नोकरीपायी अडकलेल्या पोराचा नाही. पाय ज्यांचे धड आहेत, वेळ ज्यांच्याकडे आहे, आणि चिखल नको म्हणून जे घरी बसून ‘दर्शन झाले’ म्हणतात, त्यांनी मात्र स्वतःला विचारावे. मी त्यांना विचारणार नाही. कीर्तनकाराने श्रोत्याच्या घरात डोकावू नये.

संग्रहालयांत यंत्राने केलेले भले काम पाहिले की मला आनंदच होतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे. काका केळकरांनी गेलेल्या मुलाच्या नावाने हे सारे जमवले. घरगुती दिवे, अडकित्ते, दारे आणि वाद्ये, एकेक वस्तू मागून, विकत घेऊन. अशा दालनात काचेमागची वीणा पाहताना माझा जीव तळमळतो, कारण जिची तार छेडायची नाही ती वीणा ओठ शिवलेल्या माणसासारखी दिसते. पण तिला छेडले तर तीही हंपीच्या खांबांच्या वाटेने जाईल, हेही कळते. अशा ठिकाणी त्याच घडणीच्या वाद्याचा नाद, कोणा जाणत्याने वाजवलेला, समोर उभ्या माणसाच्या कानी घालावा. काचेतली वस्तू आणि कानातला नाद मिळून काहीतरी पुरे होते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचे दालन आहे. तिथे मूर्तींच्या प्रतिकृती दृष्टिहीनांनी हाताने चाचपून पाहाव्यात म्हणून ठेवल्या आहेत. प्रतिकृतीची इतकी योग्य जागा दुसरी कोणती असेल? ज्याला काच काहीच दाखवू शकत नाही त्याच्या बोटांना मूर्तीचे नाक, ओठ, मुकुट कळतात.

पोथ्यांबद्दल तर मला शंकाच नाही. नाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून शुद्ध पाठ सिद्ध केला, तेव्हा मिळतील तितक्या प्रती हाताशी असणे हाच त्या कामाचा पाया होता. आज हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकात उतरली की आळंदीतल्या विद्यार्थ्याला आणि सातासमुद्रापलीकडच्या अभ्यासकाला एकच पान एकाच वेळी दिसते, आणि जुने पान उलटताना मोडत नाही. फक्त मूळ पोथी फडक्यात नीट बांधून, कसर लागणार नाही अशी जपली पाहिजे. छायाचित्र झाले, आता पोथीचे काय करायचे, असे म्हणणारे महाभाग मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो की शेकडो वर्षांपूर्वीची शाई आजही वाचता येते, आणि चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट वाजवायला घरात यंत्र सापडत नाही.

माझ्याही कीर्तनांच्या अशा काही कॅसेट ट्रंकेत पडून होत्या. फिती चिकटलेल्या, डब्यांवरची अक्षरे उडालेली. परवा ओळखीच्या एका तरुणाने खटपट करून त्या संगणकात उतरवल्या. मृदंग बरा आला आहे, माझा आवाज तेव्हा चढा होता. काल्याच्या एका कीर्तनात मध्येच एक मूल रडू लागते, त्याची आई त्याला दबक्या आवाजात समजावते, मागे कोणीतरी खोकते, आणि एक म्हातारा चुकलेल्या जागी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतो. तरुण म्हणाला, ‘महाराज, हे सगळे आवाज काढून टाकता येतात. तुमचा तेवढा स्वच्छ ठेवतो.’

मी म्हटले, ‘बाळा, ते तसेच राहू दे.’